दीडशहाण्यांचा हिशेब

मराठी माणूस पैशाच्या हिशेबात कच्चा असेल, पण शहाणपणाच्या हिशेबात एकदम पक्का. एक शहाणा म्हणजे स्तुती. दीडशहाणा म्हणजे सरळ शिवी. पेशवाईच्या काळात साडेतीन शहाणे गाजले. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तिघे पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण नानांचा हात तलवारीपेक्षा लेखणीवर जास्त. म्हणजे बघा, अर्ध्याला इतिहासात मान आणि दीडाला चौकात जोडे! समर्थांनी तर दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खांसाठी वेगळा समास घातला. शिकलेल्यांची सोय साध्या मूर्खांत होईना, दुसरे काय!

आमच्या भवानी पेठेत हा शब्दसाठा चौपट आहे. पेठ विणकरांची. घरात तेलुगू, दुकानात मराठी, दोन गल्ल्या सोडून कन्नड आणि रिक्षात दखनी. पोराने वडीलधाऱ्यांना उलट उत्तर दिले की एका भाषेत 'अति तेलिवी', दुसरीत 'अतिबुद्धिवंत', तिसरीत 'जादा शाणा' आणि चौथीत 'दीडशहाणा'. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

पुण्या-मुंबईकडून येणारे शब्द मात्र इथे रुळत नाहीत. 'विचारवंत' निमंत्रणपत्रिकेवर भेटतो, तोही नेहमी ज्येष्ठ. कनिष्ठ विचारवंत मी अजून पाहिलेला नाही. 'बुद्धिजीवी' हा शब्द मी एकदा शेजारच्या अण्णांना समजावून सांगितला. म्हणाले, "बुद्धीवर जगतो म्हणता? मग त्याचा माग कुठं असतोय?" खरे तर फ्रान्समध्ये १८९८ साली ड्रेफस नावाच्या निरपराध कॅप्टनसाठी लेखक-प्राध्यापक उभे राहिले, तेव्हा विरोधकांनी हाच शब्द त्यांना हिणवायला वापरला होता. जन्मतःच टोमणा खाल्लेला शब्द तो!

आता हे अण्णा. शिक्षण चौथी. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचा, कुठल्या ओळीला कुठला धागा उचलायचा ते मोजायचे आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. एक भोक चुकले तरी मोराच्या मानेला खोट येते. ही युक्ती फ्रान्समधल्याच जॅकार्ड नावाच्या माणसाची, १८०४ सालची. पुढे इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी हीच भोकांची कार्डे योजली. हे मी अण्णांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, जणू लांबच्या नात्यातल्या कुणाची खुशाली कळली.

काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ विचारवंतांचे संगणकावर व्याख्यान झाले. कष्टकरी माणसाच्या डोक्याला हे झेपणारे नाही, असे ते फार कळवळून सांगत होते. अण्णा उभे राहिले. "साहेब, कार्डाला भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. तुमच्या यंत्रात याहून वेगळं काय असतंय?"

वक्त्यांनी घड्याळ पाहिले आणि प्रश्न विषयाला सोडून असल्याचे जाहीर केले. मागून कुणीतरी ओरडले, "लई शाणपण दाखवायलात की ओ अण्णा!" सभागृह हसले. अण्णा खाली बसले. व्याख्यानाला ते पुन्हा आले नाहीत.

शहाणपणाचा आव आणणाऱ्यासाठी आपल्याकडे डझनभर शब्द आहेत. आव न आणणाऱ्यासाठी मी बरेच दिवस एक शोधतो आहे. परवा जावई आले होते, अण्णांची ओळख करून द्यायची होती. 'विद्वान' म्हणावे तर अण्णा उठून गेले असते, 'कारागीर' म्हणावे तर माझे समाधान होईना. शेवटी त्यांनाच विचारले.

"कार्डवाला म्हणा की," अण्णा म्हणाले, "आन् चहा सांगा."