काही झालं नाही!

जगात काही धंदे असे आहेत की त्यांत यश मिळालं तर ते कुणाला दिसतच नाही. कारखान्यातला मेंटेनन्स हा त्यांतला अव्वल नंबरचा. डॉक्टरने रोगी बरा केला की पेढे येतात. आम्ही पंपाला आजारीच पडू दिलं नाही, तर वरून विचारणा येते, "तुमच्या खात्यात माणसं जरा जास्त नाहीत का हो?"

चिंचवडच्या एका कारखान्यात या खात्यात मी २७ वर्षं काढली. प्रॉडक्शनवाल्यांचं आणि आमचं नातं सासू-सुनेचं. मशीन तपासायला तासभर मागितलं की, "चालू आहे ना? मग हात कशाला लावता?" आणि बंद पडलं की तोच गृहस्थ, "मेंटेनन्सवाले झोपले होते काय?"

पण खरं सांगू का, 'हात कशाला लावता' हे म्हणणं अगदीच अडाणीपणाचं नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या मागावर जाणारी ब्रिटिश विमानं ठरावीक तास उडाली की तपासणीला घेत. वॉडिंग्टन नावाच्या गृहस्थांनी (हे मूळचे जीवशास्त्रज्ञ!) नोंदी चाळल्या, तर सर्वांत जास्त बिघाड तपासणी झाल्या झाल्या! पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानांच्या भागांचा हिशेब मांडला. वय झालं म्हणून बिघाड वाढणारे भाग निघाले शंभरात जेमतेम ११. उलट ६८ टक्के भागांना खरा धोका नवेपणीच. नवी सून काय आणि नवं बेअरिंग काय, पहिले दिवस जपावंच लागतं.

अतिप्रेमानेही यंत्र मरतं. आमच्याकडचा एक मदतनीस ग्रीस-गन हातात आली की पंगतीतल्या व्याह्यासारखा आग्रह करी. बेअरिंगला बिचाऱ्याला 'पुरे' म्हणता येत नाही. जादा ग्रीस आत घुसळलं जातं, तापतं आणि बेअरिंग अजीर्णाने जातं.

म्हणजे उगीच उघडायचं नाही, पण लक्षही काढायचं नाही. ही विद्या आमच्या जुन्या फिटरमामांची. ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवत, मूठ कानाशी धरत आणि डोळे मिटत. तानपुरा उतरलेला ऐकून गवयाचा व्हावा तसा चेहरा झाला की समजायचं. "साहेब, ही कुरकुरतेय. पंधरा दिवस काढील." आता थरथर मोजणारी यंत्रं आली, उष्णता रंगांत दाखवणारे कॅमेरे आले. काम तेच, मामांच्या कानाचं आणि हाताचं. फरक एवढाच की मामांचं म्हणणं वरच्यांच्या गळी उतरवावं लागे. आलेख दाखवला की ते आपणहून मान डोलावतात.

मामांना चीड होती ती तपासणीच्या तक्त्याची. काही महाभाग चहा पिता पिता सोमवारीच शनिवारपर्यंतचे 'ओके' भरून मोकळे होत. मामा म्हणत, "साहेब, ओके हा सगळ्यांत स्वस्त स्पेअर पार्ट. कुठेही बसतो."

हा स्वस्त माल किती महागात जातो हे २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला दिसलं. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारं यंत्र कित्येक महिने बंद होतं. निसटलेला वायू जाळून टाकणारी मशाल होती, पण तिच्याकडे जाणाऱ्या गंजलेल्या पाइपचा एक तुकडा काढून ठेवलेला. रक्षक हजेरीपटावर होते, कामावर नव्हते. हजारो माणसं गेली.

बातमी आली त्या दिवशी मामा जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता उठले आणि आमचे सगळे सेफ्टी व्हॉल्व्ह एकेक करून पाहून आले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

तेव्हापासून रात्रपाळीनंतर कुणी विचारलं, "काय विशेष?" की मी छाती पुढे काढून सांगत असे, "काही झालं नाही!" ऐकणाऱ्याला वाटे, हा फुकट पगार खातो.