आजीच्या शेताचा नकाशा

'सिटीज: स्कायलाइन्स' या गेममध्ये आपण शहर वसवायचं. रस्ते, पाणी, गटारं, कर, सगळं आपल्याकडे. २०१५ साली आलेला हा गेम लोक अजून खेळतात, कारण त्यात स्वतःचं काही ना काही घालता येतं. मी त्यात भिवंडी घालायला निघालो.

पद्धत तशी सोपी आहे. जमिनीच्या उंचीचं एक करडं चित्र लागतं, १०८१ बाय १०८१ पिक्सेलचं. ठिपका जितका पांढरा, तितकी जमीन उंच. एक ठिपका म्हणजे १६ मीटर. काल्हेरवर मध्य धरला की सतरा किलोमीटरच्या चौकोनात येऊरचा डोंगर येतो, पारसिक येतो, मधून खाडी आणि वर भिवंडी.

उंचीची माहिती नासाची, फुकट मिळते. 'एंडेव्हर' यानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवस रडारने पृथ्वी मोजली होती. ती तारीख वाचून मी थांबलो. फेब्रुवारी, म्हणजे भात कापून झालेलं, शेत कोरडं. आणि २००० साली ते शेत आमचं होतं.

मी पाचवीत असताना ते विकलं. आता तिथे गोदाम आहे. त्याच्या शेजारच्या गोदामात मी रात्रपाळीला पार्सलं स्कॅन करतो.

तयार झालेला नकाशा आजीला दाखवला. डोंगर, खाडी, सगळं फिरवून.

"डोंगर नको दाखवू मना. आपला शेत दाखव."

शेत दिसत नव्हतं. ही मोजणी दर तीस मीटरला एक, त्यात काही मीटरची चूक. हातभर उंचीचा बांध त्यात कुठून येणार? मग आजीने स्क्रीनवर बोट ठेवलं. इथे बांध, इथून ओहोळ, इथे वळण. दोन संध्याकाळी ती सांगत होती आणि मी माउसने जमीन खणत होतो. शेवटी वरच्या बाजूला पाण्याचा झरा ठेवला. पाणी ओहोळातून वळण घेत खाडीला मिळालं.

"असाच जायाचा," आजी म्हणाली.

मग मी सहज म्हणून शेतावर दोन मीटर भराव टाकला. सपाट, चौकोनी, गोदामाला टाकतात तसा. पाणी अडलं, फुगलं, बाजूला पसरलं आणि आमच्या आळीत शिरलं.

दर जुलैत आम्ही फ्रिज विटांवर चढवतो. बाबा गटाराला शिव्या देतात, मी खाडीच्या भरतीला. गेममधलं पाणी म्हणजे खरं पाणी नव्हे, हे मला कळतं. तरी त्या रात्री कामावर जाताना गोदामाच्या जोत्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. रस्त्यापेक्षा ते किती उंच आहे!

आजीने कोणाला दोष दिला नाही. "आपनच विकला," एवढंच म्हणाली. त्या पैशातून आमचं घर पक्कं झालं, माझी फी भरली गेली. तेच घर जुलैत भरतं.

आता माझ्याकडे दोन फायली आहेत. मित्रांना गोदामं, कंटेनर आणि अंजूरफाट्याचं ट्रॅफिक असलेली हवी आहे. ती देईन. दुसरीत भराव नाही. त्यात भातानंतर वाल कुठे पेरायचे तेही आजीने सांगून ठेवलंय. गेममध्ये वाल नाहीत. मी तिथे सध्या गवत लावलंय.