आऽक्छी!

कॉन्व्हेंटमध्ये पाचवीत असताना 'माय पेट डॉग' हा निबंध मी घोकून लिहिला होता आणि दहापैकी नऊ मिळवले होते. 'द डॉग इज अ फेथफुल अ‍ॅनिमल' वगैरे! त्याच वर्षी आमच्या घरचा खराखुरा फेथफुल अ‍ॅनिमल, म्हणजे स्नोई नावाचा पॉमेरेनियन, माझ्यामुळे मामाच्या गावी गेला. (मराठीत पहिल्यांदाच लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

कारण माझा दमा. रात्री छातीतून शिट्टी वाजायची आणि आई उशाशी बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, कुत्रा घरात नको. माझा भाऊ चिनू तेव्हा पाच वर्षांचा होता. स्नोईला टेम्पोत बसवलं तेव्हा तो रडला नाही. फक्त मला म्हणाला, "ताई, तूच जा ना मामाकडे."

यंदा चिनू दहावी झाला. बाबांनी विचारलं, काय हवं? आम्हाला वाटलं मोबाईल मागेल. पठ्ठ्या म्हणाला, "कुत्रा. पण ताईला चालेल असा." त्याच्याकडे यादी तयार होती. पूडल, माल्टीज, शित्झू... सगळे कमी केस गळणारे, 'हायपोअ‍ॅलर्जेनिक'. वर दाखला, ओबामांच्या मालियाला अ‍ॅलर्जी होती म्हणून २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग आला. "त्यांना चालतो, मग आपल्याला का नाही?"

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी शित्झू आहे, बझ. ठरवलं, प्रॅक्टिकल करून बघायचं. आता आपल्याकडे प्रॅक्टिकल कसं होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी ग्राफ काढायचा, मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज भरायची! मीही तेच केलं. जायच्या आधी गुपचूप सेटिरिझिनची गोळी घेतली. दोन तास बझ मांडीवर, एक शिंक नाही. फोटो चिनूला पाठवला. "ताई, यू आर द बेस्ट!"

रात्री अकरा वाजता हॉस्टेलवर श्वास अडकला. इनहेलरचे पफ घेऊनही शिट्टी थांबेना. रूममेट धावत गेली, रेक्टर मॅडम गाऊनवर शाल ओढून आल्या आणि स्वतःच्या गाडीतून मला दवाखान्यात घेऊन गेल्या. नेब्युलायझर लावल्यावर थोडं बरं वाटलं, तेव्हा मी गोळीचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, जर्नल खोटं लिहिलंस तर मार्क जातात. हे काय जर्नल आहे?"

मग रीतसर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले. गोळ्या काही दिवस आधीच बंद करायला लावल्या (बघा, रीडिंग बिघडतं म्हणून!). हातावर थेंब, त्यावर सुई टोचली, पंधरा मिनिटं थांबले. 'कुत्रा' लिहिलं होतं तिथे ही एवढी गांधी! मी विचारलं, "कुठल्या जातीचा?" डॉक्टर हसले. म्हणाले, त्रास केसांचा नसतोच. कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात प्रथिनं असतात, त्यांचा असतो. मुख्य प्रथिनाचं नाव कॅन एफ १. लाळ आणि कोंडा सगळ्याच जातींना असतो. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तर तथाकथित हायपोअ‍ॅलर्जेनिक जातींच्या केसांत हे प्रथिन उलट जास्तच निघालं, आणि घरातल्या हवेत काही फरक नव्हता. एकेका कुत्र्यात कमी-जास्त असतं, पण जात बघून ते ठरवता येत नाही.

चिनूला फोन केला. सगळं सांगितलं, गोळीसकट. बराच वेळ तो गप्प.

"मग फोटो कशाला पाठवलास?"

'तुझ्यासाठी' असं म्हणणार होते. पण ते अर्धंच खरं होतं. दहा वर्षं डोक्यावर असलेला टेम्पो मला उतरवायचा होता.

"आणि मला वाटायचं," तो म्हणाला, "तुला स्नोई आवडायचाच नाही."

यावर मी काय बोलणार? मलाही तो हवा होता, हे दहा वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलले होते. कॅन एफ ५ नावाचं एक प्रथिन फक्त नर कुत्र्यांमध्ये तयार होतं, आणि काही जणांना तेवढ्याचीच अ‍ॅलर्जी असते. रक्ताच्या तपासणीत ते वेगळं कळतं. हे ऐकल्याबरोबर चिनू ओरडला, "ताई, स्नोई नर होता! बझपण नर ना? मग कुत्री चालेल कदाचित!"

"कदाचित," मी म्हटलं, "कदाचित नाहीसुद्धा."

सुट्टीत रक्त द्यायला जाणार आहे. चिनू बरोबर येतोय. या वेळी ग्राफ आधी काढलेला नाही. रीडिंग जसं येईल तसं लिहायचं.