सोलापूरची गाडी आणि आंबेनळीचा उतार

मार्च संपत आला की आमच्या गॅरेजात एकच विचारणा सुरू होते, 'मे महिन्यात घाटात जायचंय, गाडी चढेल ना?' मी सोलापुरात मोटारसायकली दुरुस्त करतो आणि उन्हाळ्यात हौशी मंडळींना सह्याद्रीत घेऊनही जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी चढेल. शंभर सीसीची गाडीसुद्धा डबलसीट महाबळेश्वर गाठते, फार तर रडतखडत. खरा प्रश्न उतरण्याचा आहे, आणि सहलीचा सगळा बेत त्यावरूनच आखायला हवा.

सोलापूरचा माणूस सपाटीवर गाडी शिकतो. हैदराबाद रस्ता घ्या नाहीतर विजापूर रस्ता, टॉप गिअर टाकला की बराच वेळ डाव्या पायाला काम नसतं. मध्ये उतार लागलाच तर गाडी न्यूट्रल करायची; काहीजण इंजिनही बंद करतात, तेवढंच पेट्रोल वाचलं म्हणून. हीच सवय घाटात जिवावर बेतते.

महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर पार कोकणाच्या तळाशी. मधला आंबेनळी घाट ही उंची जेमतेम चाळीस किलोमीटरांत उतरवतो. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. एवढं वजन बाराशे-तेराशे मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर चौदा-पंधरा लिटर पाण्याला, म्हणजे मोठ्या कळशीला, उकळी फुटेल. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. थोडी वारा नेतो. गाडी दुसऱ्या गिअरवर असेल तर बरीचशी इंजिन पोटात घेतं. न्यूट्रलवर असेल तर जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो.

अशी उतरवलेली गाडी गॅरेजात आली की ओळखू येते. मागचा ड्रम उघडला की जळकट वास येतो. शूचं लायनर काळं पडून काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं, त्यावर नख घसरतं. पुढची डिस्क कडेला निळसर दिसते. ब्रेक ऑइलची गोष्ट तर दिसतही नाही. डॉट ४ प्रतीचं नवं तेल २३० अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि पुरेसं पाणी मुरलं की १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर थेट मुठीला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांपेक्षा जुनं तेल मी एप्रिलमध्ये बदलतोच, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी त्याला समजावून बदलतो. क्लच केबल, चेन, टायर हे सगळेच बघतात; तेलाची आठवण फार थोड्यांना होते.

आता मार्ग. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे पहाटे चारला निघायचं. टायरची हवाही तेव्हाच, टायर थंड असताना भरलेली बरी. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, सातारा हा माझा आवडता रस्ता. माण तालुक्यात सावली कमी, म्हणून गोंदवल्याचा चहा ऊन चढायच्या आत झाला पाहिजे. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की जेवणासाठी भलत्या वेळी थांबावं लागत नाही. मेमध्ये पाचगणीच्या बाजूने गर्दी फार, म्हणून साताऱ्याहून मेढा-केळघरवरून वर चढायचं आणि रात्री महाबळेश्वरला मुक्काम करायचा.

आंबेनळी दुसऱ्या दिवशी सकाळी, माणूस ताजा आणि ब्रेक थंड असताना उतरायची. ज्या गिअरवर हा चढ चढला असता, त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी नीट दाबायचा आणि सोडायचा. प्रतापगडाच्या फाट्याला थांबलं की गाडीही निवते आणि मागे बसलेल्याचे खांदेही. मग पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण आणि ऊन कलल्यावर कुंभार्ली घाटाने वर कोयनानगरला. दमलेल्या माणसाच्या वाट्याला चढ यावा, उतार येऊ नये, एवढ्यासाठीच हा फेरा मी असा लावतो. पुढे पाटण, कराड, विटामार्गे घर.

तारखेच्या बाबतीत मी हट्टी आहे. मेचा पहिला पंधरवडा, त्यापुढे नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कोकणात मोसमी पाऊस येऊन ठेपतो आणि त्याआधी वळीव झोडपतो. वर्षभराची धूळ आणि तेल साचलेल्या रस्त्यावर पहिली सर पडते तेव्हा तो सगळ्यात निसरडा असतो. पावसाळ्यात तर आंबेनळी घाट नकोच. जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस इथेच दरीत कोसळली आणि सुमारे तीस माणसं गेली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडींनी रस्ताच तोडला. निघण्याआधी घाट चालू आहे का, हे महाबळेश्वरच्या एसटी स्थानकात विचारावं. रोज गाडी नेणाऱ्या चालकाइतकी पक्की बातमी दुसरीकडे मिळत नाही.

तरुण पोरं लेहचं विचारतात. जरूर जा. गाडी रेल्वेच्या पार्सलने दिल्लीपर्यंत पाठवता येते, टाकी रिकामी करून द्यावी लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा त्रासही टळला. पण त्या रस्त्यावर तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, इंजिन दमतं, माणसाचं डोकं दुखतं आणि तशाच अवस्थेत मैलोगणती उतार उतरायचा असतो. ज्याचा हात आंबेनळीत तयार झालेला नाही, त्याला मी अजून एक उन्हाळा थांबायला सांगतो.

हात तयार करायला फार लांब जावं लागत नाही. पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूरचा घाट आहे. दिवाळीनंतर आईच्या दर्शनाला जाल तेव्हा जोडीदाराला मागे बसवा, मेमध्ये न्यायचं तेवढं सामान बांधा आणि परतताना तो उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, ब्रेकला कमीत कमी हात लावून उतरून बघा. जमेपर्यंत करा, मगच महाबळेश्वरची खोली राखून ठेवा.