पेटी : शिकवणी की घरच्या घरी?

मैत्रिणींनो, चाळिशी उलटल्यावर मी पेटी शिकायला घेतली. जळगावात शिकवणीला शाळकरी मुलांत बसायची लाज वाटली, म्हणून पुस्तक आणून घरीच सुरुवात केली. दिवाळीला धुळ्याला माहेरी वाजवून दाखवली, तर वहिनी हळूच म्हणाल्या, "वन्सं, अंगठा कुठाय?" सारं सप्तक मी दोन बोटांवर रेटत होते! ती सवय मोडायला चार महिने लागले.

आपल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) अक्षरओळख नसताना जात्यावर गाणी रचत. पण ओवी ऐकून येते. बोटं मात्र कुणीतरी पाहावी लागतात. तेव्हा पहिले तीन महिने शिकवणी लावाच, मग घरी खुशाल वाजवा. लाजेचं म्हणाल, तर आता तीच मुलं "काकू, हे कसं वाजवायचं?" विचारतात!