चारने भागलेलं इंजिन

इंडियानापोलिसच्या रेसट्रॅकवर जे म्युझियम आहे, तिथे मी एका इंजिनासमोर इतका वेळ उभा राहिलो की शेवटी मुलगी परत आली. "बाबा, गाड्या तिकडे आहेत." ती कोलंबसला राहते, कमिन्समध्ये नोकरीला. तिथून इंडियानापोलिस तासाभरावर. बाबांची चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली, तर त्यांना रेसच्या गाड्या दाखवू, असा तिचा बेत. मी मात्र स्टँडवरच्या ऑफेनहाउझर इंजिनाला चिकटलो होतो. त्याच्या हेडचा सांधा शोधत होतो आणि तो सापडत नव्हता.

आयुष्यभर ऑइल इंजिनांची हेडं उतरवली. उडालेली गॅस्केटं किती पाहिली याची मोजदाद नाही. त्यामुळे कुठलंही इंजिन दिसलं की नजर आधी हेड आणि ब्लॉकच्या मधल्या रेषेवर जाते. इथे रेषाच नव्हती. वाकून, बाजूने, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात! गॅस्केट नाही, म्हणजे ते उडायचा प्रश्नच नाही.

हे डोकं हॅरी मिलरचं. लॉस एंजलिसमधला हा माणूस कल्पना काढायचा, लिओ गूसन ती कागदावर उतरवायचा आणि कारखान्यातला फ्रेड ऑफेनहाउझर ती लोखंडात आणायचा. १९३३ मध्ये मिलरचं दिवाळं निघालं. ऑफेनहाउझरने पॅटर्न विकत घेतले आणि इंजिनाला त्याचं नाव लागलं. १९४६ मध्ये त्याने धंदा लुई मेयर आणि डेल ड्रेक यांना विकला. हा मेयर स्वतः इंडियानापोलिसची पाचशे मैलांची रेस तीनदा जिंकलेला. १९३६ ला जिंकल्यावर तो ताक प्यायला. तिथे आज विजेत्याच्या हातात दुधाची बाटली देतात, त्याचं मूळ या ताकात आहे. हे वाचल्यावर मला हा माणूस एकदम आपल्याकडचा वाटायला लागला. १९४७ ते १९६४ अशी सलग अठरा वर्षं ती रेस याच इंजिनाने जिंकली. पुढे टर्बो आला, सिलिंडरमधला दाब वाढला, तेव्हाही हे टिकलं, कारण उडायला गॅस्केट नव्हतं. १९७६ चा जॉनी रदरफर्डचा विजय शेवटचा.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मुलीला म्हणालो, "हे मी करणार. पाव आकाराचं. चालणारं."

"कसं?"

"चारने भागायचं. एवढंच तर आहे."

पुढची तीन वर्षं हे वाक्य ती मला फोनवर ऐकवत होती.

भागाकार सोपा होता, नाही असं नाही. २७० घनइंचाच्या इंजिनाचा बोअर ४ पूर्णांक ५/१६ इंच आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ५/८ इंच. चौथा हिस्सा धरला तर बोअर २७.४ मिलिमीटर, स्ट्रोक २९.४. पण लांबी चौथाई झाली की आकारमान चौसष्टावा हिस्सा होतं. मूळ इंजिन साधारण ४.४ लिटरचं, माझं ६९ सीसीचं. म्हणजे लुनापेक्षा थोडं जास्त, पण तेही चार सिलिंडरांत वाटलेलं. एकेकाच्या वाट्याला १७ सीसी. प्लगची चूडी चौथाई केली तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते. असा प्लग कुठे मिळतो? मॉडेलवाल्यांसाठी पाव इंची, ३२ आट्यांचे प्लग बनतात, ते मुलीने आणले. त्या प्लगच्या भोवती चार व्हॉल्व्ह बसवायचे, तेही २७ मिलिमीटरच्या वर्तुळात. कागदावर दोन आठवडे नुसती वर्तुळं काढत होतो. शेवटी इनटेक ९ मिलिमीटर आणि एक्झॉस्ट ८ असं जमलं.

मूळ इंजिनात सिलिंडरचं छत घराच्या दुपाखी छपरासारखं आहे. मी ते घुमटासारखं केलं. बंद भोकाच्या तळाशी, खालून, दुपाखी आकार कापणं माझ्या मशीनवर शक्य नव्हतं. जाणकाराने विचारलं तर मी ही चोरी कबूल करतो, आणि विचारलं नाही तर गप्प बसतो.

ब्लॉकसाठी शिरोलीच्या एका फाउंड्रीतून कास्ट आयर्नचा ठोकळा आणला. तिथले अण्णा माझे जुने ओळखीचे. त्यांनी कशासाठी ते विचारलं, मी ड्रॉइंग दाखवलं. "हे काय खेळणं हाय व्हय?" म्हणाले, पण ठोकळा स्वतः निवडून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

खरा घाम क्रँकने काढला. ईएन २४ चा ५० मिलिमीटरचा बार, दोन्ही टोकांना तीन-तीन सेंटर. एक मधलं, दोन साडेचौदा-पंधरा मिलिमीटर बाजूला. एक आणि चार नंबरच्या पिना एका सेंटरवर, दोन आणि तीन दुसऱ्यावर. तीन पिना सुरेख झाल्या. चौथीला चॅटर यायला लागलं म्हणून मी टेलस्टॉक जरा जास्त आवळला. इतकी वर्षं पोरांना जे करू नका म्हणून ओरडलो, तेच. मधल्या जर्नलवर डायल लावला तर काटा पस्तीस शतांश फिरला. तोपर्यंत त्या बाराचा बराचसा कीस झाला होता आणि उरलेल्या बारीक कण्यात जीव नव्हता. तो टेलस्टॉकच्या दाबानेच वाकला. अकरा दिवसांचं काम गेलं. दुसऱ्या क्रँकच्या वेळी वेबच्या मधल्या प्रत्येक फटीत मापाचे पितळी ठोकळे बसवत गेलो, म्हणजे दाब ठोकळ्यांवर जाईल. काटा दोन शतांश फिरला. त्या रात्री मी जेवताना चकार शब्द बोललो नाही. हिला वाटलं, हाही क्रँक गेला.

या इंजिनाचा क्रँककेस नळीसारखा अखंड आहे. क्रँकवर पाच ब्रॉन्झच्या चकत्या, प्रत्येक दोन अर्धुकांत कापलेली, जर्नलभोवती स्क्रूने आवळायच्या आणि ही सगळी माळ मागच्या तोंडाने केसमध्ये सरकवायची. थंड केसमध्ये ती जात नाही, जाऊही नये. अ‍ॅल्युमिनियम तापवलं की ते ब्रॉन्झपेक्षा जास्त फुगतं. मी गॅसवर तवा ठेवला, तव्यावर केस उभा केला आणि पाण्याचा थेंब टाकून चुर्र होतो का ते बघत बसलो. मागून आवाज आला, "अहो, त्याच तव्यावर उद्या भाकरी भाजायची आहे मला." थेंब उडाला, फडक्याने केस धरला आणि माळ आत सोडली. हात ढिला सोडल्यावर ती आपली आपण खाली गेली, आणि थांबायचं तिथे टक् करून थांबली. चाळीस वर्षांत असा आवाज मी चार-पाच वेळाच ऐकला असेन.

आता व्हॉल्व्हच्या सीटा. वेगळं हेड असतं तेव्हा ते टेबलावर उलटं ठेवायचं, दिवा लावायचा आणि सीट कापायची. इथे हेडच नाही. सीट खोल बोअरच्या तळाशी, तिरकी, अंधारात. तिथे सरळ कटर पोचतच नाही, कारण बोअरची भिंत आडवी येते. मग मी उलट्या बाजूने विचार केला. वरून, व्हॉल्व्हच्या गाइडमधून अडीच मिलिमीटरची सळई खाली सोडायची. खालून बोअरमध्ये हात घालून, म्हणजे हात कसला, दोन बोटं आणि एक चिमटा, शेंगदाण्याएवढा कटर तिच्या टोकाला आट्यांवर चढवायचा. मग वरून सळई हलकेच ओढत फिरवायची. कटर खालून वर कापत येतो. डोळ्यांना काही दिसत नाही. सळईला लावलेल्या छोट्या मुठीतून जे बोटांना कळेल ते. आधी खरखर, मग एका जागी अडखळणं, आणि मग सलग लोण्यासारखं. सलग झालं की अर्धा फेरा आणखी, आणि थांबायचं. सोळा सीटा, रोज दोन, त्याही सकाळी, चहाच्या आधी. चहानंतर बोटांना बारीक कंप येतो हे मला तेव्हा कळलं. वय झालं.

सीट झाली की निळा रंग लावायचा, व्हॉल्व्ह टेकवायचा आणि दातांच्या डॉक्टरांच्या आरशाने बघायचं. तीन दशांश मिलिमीटरची सलग निळी कडा दिसली तर पास. मग ब्लॉक कलता करून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी बोअरमध्ये ओल असेल तर पुन्हा लॅपिंग. पंधरा कोरडे निघाले. तीन नंबर सिलिंडरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा पाझरायचा. चार वेळा लॅप केला, पाझर कमी झाला पण गेला नाही. चालेल म्हटलं.

कॅम फिरवणाऱ्या गिअरांच्या माळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते उद्यमनगरातल्याच एकाकडून कापून आणले. कॅमशाफ्ट मात्र मीच केले, ओएचएनएस स्टीलचे. डिव्हायडिंग हेडवर दर दोन अंशाला टेबल किती उचलायचं याचा तक्ता भाच्याने काँप्युटरवर करून दिला. सोळा लोब. एका लोबवर मी तक्त्याची एक ओळ गाळली. टॅपेटची वाटी त्यावरून जाताना हिसका खायची, म्हणून पूर्ण शाफ्ट पुन्हा केला. मूळ इंजिन मिथेनॉलवर चालायचं. हिलबॉर्नचं फ्युएल इंजेक्शन लावायचे, आणि त्याच्या चार तुताऱ्या दिसतात फार छान. माझ्या तुताऱ्या शोभेच्या आहेत, मागे एकच हाताने केलेला कार्ब्युरेटर आहे आणि पेट्रोल साधं. पेट्रोलचा थेंब काही चारने भागला जात नाही. एका थेंबात या इंजिनाचा एक सिलिंडर दहा-बारा वेळा पेटतो. सुईचा आटा पाव फेरा उघडला की प्लग ओले, पाव फेरा मिटला की इंजिन उपाशी.

पहिल्या दिवशी ते सुरू झालंच नाही. ड्रिल मशीनने फिरवतोय, फिरवतोय, आणि एकदम कार्ब्युरेटरमधून जाळ बाहेर. उजव्या हातावरचे केस गेले. स्पार्क एक पूर्ण फेरा चुकला होता, कॉम्प्रेशनच्या ऐवजी एक्झॉस्टच्या शेवटी पडत होता. शिकाऊ पोराला यावरून मी दिवसभर बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटलं. आधी दोन सिलिंडर, मग तीन, मग एक झटका बसला आणि चारही. आवाज मोठ्या इंजिनासारखा नाही, पण मोपेडसारखाही नाही. मोठी गांधीलमाशी डब्यात कोंडली तर कसा येईल, तसा, पण सुरात. मी हात लावला नाही. ही स्वयंपाकघरातून आली, हातात लाटणं, आणि दारात उभी राहून संपेपर्यंत ऐकत राहिली. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत, म्हणजे चार मिनिटं. संपल्यावर म्हणाली, "एवढ्यासाठी तीन वर्षं?" आणि आत जाऊन मुलीला फोन लावला.

दर खंडेनवमीला लेथशेजारी त्यालाही हळदकुंकू लागतं आणि चार मिनिटं ते चालतं. सहा हजार फेऱ्यांच्या वर मी नेलेलं नाही. तीन नंबरचा तो व्हॉल्व्ह अजून पाझरतो आणि थंडीत इंजिन सुरू होताना तिथे अडखळतं. वेगळं हेड असतं तर तासाभराचं काम होतं. इथे व्हॉल्व्ह बाहेर यायला एकच वाट आहे, खालून, सिलिंडरमधून. म्हणजे गिअर सोडवा, कॅम काढा, अख्खा ब्लॉक उचला, पिस्टन बाहेर घ्या. गेली दोन वर्षं मी ते काम पुढच्या महिन्यावर ढकलतो आहे.