पडद्यावरचा घाट : ट्रेन सिम्युलेटर आणि इतिहासाची साधने

(१) ४ जुलै २०२० रोजी जपानच्या क्युशू बेटावर कुमा नदीला महापूर आला. हिसात्सु लोहमार्गावरील १९०८ सालचे दोन पूल त्यात वाहून गेले आणि यात्सुशिरो ते योशिमात्सु हा सुमारे ८७ किलोमीटरांचा टप्पा बंद पडला. तरीही या मार्गाच्या घाटातून गाडी चालवणे त्या दिवशी शक्य होते आणि आजही आहे. मात्र ती गाडी संगणकाच्या पडद्यावर चालते.

(२) मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ हा खेळ २००१ साली आला. तो कुजू या ब्रिटिश कंपनीने घडवला होता. त्यात अमेरिकेतील दोन, जपानमधील दोन आणि इंग्लंड व ऑस्ट्रियातील प्रत्येकी एक असे सहा मार्ग होते. हिसात्सु हा त्यांपैकी एक. या खेळात शत्रू नाही, लढाई नाही. वेळापत्रक, सिग्नल, चढ आणि ब्रेक सांभाळत गाडी ठरलेल्या फलाटाला लावायची, एवढाच त्याचा डाव.

(३) हिसात्सुच्या घाटाचा भाग १९०९ साली खुला झाला. तेथे ओकोबा नावाचे स्थानक आहे. डोंगरावर चढण्यासाठी रूळ स्वतःभोवती पूर्ण वळसा घेतात आणि त्या वळशातच गाडीला दिशा उलटावी लागते. चालक एका टोकाची केबिन सोडून दुसऱ्या टोकाला जातो आणि मगच गाडी पुढे निघते. खेळातही हे सारे करावेच लागते. त्याला बगल देता येत नाही.

(४) मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला, तेव्हा खंडाळ्याजवळ असेच ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. अरुंद डोंगरकड्यावर वळण घ्यायला जागा नव्हती. म्हणून गाडी तेथे थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ साली नव्या आखणीमुळे हे स्थानक मार्गाबाहेर गेले. तो विधी प्रत्यक्ष अनुभवलेली पिढी आता उरलेली नाही.

(५) समजा, एखाद्या हौशी कारागिराने १८६३चा बोरघाट सिम्युलेटरमध्ये उभारायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टच्या खेळात भूमी २,०४८ मीटर बाजूच्या चौरसांत विभागलेली असते. त्यांवरील डोंगरांची उंची घेण्यासाठी फेब्रुवारी २००० मधील अमेरिकी अवकाशयानाच्या रडार-मोजणीचा उपयोग होऊ शकतो. परंतु त्या मोजणीच्या सुमारे ९० मीटर अंतरावरच्या बिंदूंतून सह्याद्रीचे कडे बोथट होऊन उतरतात. मग दरी पुन्हा कोरावी लागते, बोगद्यांची तोंडे बसवावी लागतात आणि रूळ तुकड्यातुकड्याने जोडावे लागतात.

(६) या कामात चढाला फसवता येत नाही. बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. चारशे टनांच्या गाडीला तो चढताना केवळ स्वतःच्या वजनापायी सुमारे ११ टनांचा मागचा ओढा सोसावा लागतो. आजही कर्जतला गाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिने जोडली जातात, त्याचे कारण हेच. पुस्तकात ‘३७ला १’ हा एक आकडा असतो. सिम्युलेटरमध्ये चाके जागच्या जागी फिरू लागतात तेव्हा त्या आकड्याचा अर्थ समजतो.

(७) मराठी इतिहासलेखनाने अस्सल पत्र आणि बखर यांतला भेद फार पूर्वी शिकवला आहे. सिम्युलेटरमधला मार्ग बखरीच्या जातीचा. तो घटनेनंतर रचलेला असतो आणि रचणाऱ्याच्या आवडीनिवडी त्यात मिसळलेल्या असतात. स्थानक एका दशकातले, सिग्नल दुसऱ्या दशकातले, झाडे तर युरोपातल्या एखाद्या मार्गासाठी बनवलेली. तरीही बखर टाकून देता येत नाही. गाडी कोठे थांबत होती, कोठे उलटत होती, चालकाचा जीव कोठे टांगणीला लागत होता, हे चालण्याचे ज्ञान तिच्यात टिकून राहते.

(८) बखरीत जे नसते, त्याचीही नोंद घ्यावी लागते. १८६१ साली बोरघाटावर ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. १८५९च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगल झाली आणि कंत्राटदार फॅव्हिएल यांना काम सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, येथे पोहोचल्यावर अल्पकाळातच वारले; कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुढे चालवले. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो मजुरांचा बळी घेतला. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोठेही उरलेली नाहीत.

(९) सिम्युलेटरमधला डोंगर मात्र पहिल्या दिवसापासून पोखरलेलाच असतो. त्याचे पंचवीस बोगदे कोणीतरी सुरुंग लावून, टोपल्यांनी दगड वाहून केले, याची खूण चालकाच्या केबिनमधून दिसत नाही. हा दोष एकट्या खेळाचा नाही. खंडाळ्याची दरी खिडकीतून न्याहाळणाऱ्या खऱ्या प्रवाशालाही ती खूण दिसत नाही.

(१०) शिवाय ही साधने स्वतःच नाशवंत आहेत. मायक्रोसॉफ्टने या खेळाची पुढची आवृत्ती काढण्याचे दोन प्रयत्न केले आणि दोन्ही सोडून दिले. दुसरा प्रयत्न २००९ साली संपला. तरीही जुने मार्ग आज चालतात, कारण स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ नावाची मुक्त प्रणाली उभारली आणि जुन्या फायली वाचण्याची सोय तिच्यात ठेवली. डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूएपी-४ या इंजिनांची भारतीय हौशींनी घडवलेली प्रतिरूपेही अशाच निःशुल्क श्रमांतून आलेली आहेत.

(११) म्हणून मार्ग रचणाऱ्याकडून एक अपेक्षा ठेवता येईल. मार्गासोबत त्याने एक साधे टिपण द्यावे : हा मार्ग कोणत्या सालचा, नकाशा कोणता वापरला, अंदाजाने काय भरले. आणि बोरघाट रचला, तर रिव्हर्सिंग स्टेशनाजवळ मजुरांच्या चार झोपड्या उभाराव्यात. इंजिन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गाडी तेथे थांबणारच आहे. तेवढ्या वेळात त्या झोपड्यांकडे कोणाची तरी नजर जाईल.